कसबा कोणाचा यापेक्षा कसबा केवढा?

पुण्यात विधानसभेचा विषय निघाला की तो फिरून कसब्यावर येतो, आणि कसब्यावर आला की एकाच ठिकाणी अडतो : हा मतदारसंघ कोणाचा? फेब्रुवारी २०२३ च्या पोटनिवडणुकीत हा वाद टोकाला गेला. इथल्या भाजपच्या आमदार मुक्ता टिळक यांच्या निधनानंतर पक्षाची उमेदवारी टिळकांच्या घरात गेली नाही, तेव्हा पेठांत फलक लागले. कोथरूड गेले, आता कसबाही गेला, ब्राह्मण समाजाने सहन तरी किती करायचे, असा त्यांचा सूर होता. काँग्रेसचे रवींद्र धंगेकर निवडून आल्यावर बालेकिल्ला ढासळल्याचा जल्लोष झाला आणि २०२४ मध्ये हेमंत रासने यांनी जागा परत घेतली तेव्हा बालेकिल्ला राखल्याचा. आता १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख धरून जनगणना होते आहे, तिच्या आकड्यांवर मतदारसंघांच्या सीमा पुन्हा आखल्या जाण्याची वेळ आली आहे, आणि कसबा पुसला तर जाणार नाही ना, ही काळजी पेठांतल्या गप्पांत ऐकू येऊ लागली आहे. ही सगळी चर्चा चुकीच्या टोकाने चालली आहे. कसबा कोणत्याही समाजाचा, घराण्याचा किंवा पक्षाचा नाही, आणि आज आहे तेवढाच लहान राहण्याचा हक्कही त्याला नाही. पुढच्या फेररचनेत तो मोठा झाला पाहिजे, गरज पडली तर मुठा नदी ओलांडून गेला पाहिजे. त्यासाठी ‘कसबा पेठ’ हे नाव विधानसभेच्या यादीतून गेले, तरी पुणेकरांनी ते मनापासून मान्य करावे, असे मला वाटते.

कारण साधे आहे आणि ते २६ फेब्रुवारी २०२३ याच दिवशी सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. त्या दिवशी जिल्ह्यात दोन पोटनिवडणुका झाल्या, एक कसब्यात आणि दुसरी चिंचवडला. कसब्यात सुमारे पावणेतीन लाख मतदार होते, चिंचवडला पाच लाख अडुसष्ट हजारांच्या पुढे. दोन्हीकडून एकेकच आमदार जायचा होता. चिंचवडच्या दोन मतदारांचे वजन मिळून कसब्यातल्या एका मतदाराएवढे भरत होते. आठवडेच्या आठवडे वाहिन्यांनी जातींची गणिते मांडली, नाराजीचे अंदाज बांधले, पण या एका भागाकाराकडे कोणी ढुंकून पाहिले नाही. हा केवळ तत्त्वाचा प्रश्न नाही. महाराष्ट्रात आमदाराला वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी मिळतो, मतदारसंघ लहान असो की मोठा. त्या दिवशीच्या याद्यांप्रमाणे कसब्यात मतदारामागे वर्षाला एकशे ऐंशी रुपये पडतात, चिंचवडला अठ्ठ्याऐंशी. विधानसभेत तारांकित प्रश्न टाकणारा, लक्षवेधी लावणारा, मंत्र्यांच्या दालनात जाऊन बसणारा माणूसही दोन्हीकडे एकच. हडपसर आणि चिंचवड आज सहा लाख मतदारांच्या पलीकडे गेले आहेत. कसबा तीन लाखांच्या आत आहे.

हे कोणी कट करून घडवले, असे नाही. २००८ मध्ये परिसीमन आयोगाने सीमा आखल्या, तेव्हा आधार २००१ च्या जनगणनेचा होता. राज्याची लोकसंख्या त्या वेळी ९ कोटी ६९ लाखांच्या आसपास आणि मतदारसंघ २८८, म्हणजे एका आमदारामागे सरासरी तीन लाख छत्तीस हजार माणसे. आयोगाने त्या सरासरीच्या आसपास राहायचे बंधन स्वतःवर घालून घेतले होते, त्यामुळे २००९ ची निवडणूक झाली तेव्हा पुण्यातल्या आठ मतदारसंघांत आजच्यासारखी दरी नव्हती. पण आखणी २००१ च्या आकड्यांवर थांबली आणि शहर थांबले नाही. पुणे महापालिकेची लोकसंख्या २००१ मध्ये पंचवीस लाखांच्या थोडी वर होती, २०११ मध्ये ती एकतीस लाखांवर गेली. २०१७ मध्ये अकरा गावे हद्दीत आली, २०२१ मध्ये आणखी तेवीस. ही सगळी वाढ काठावर झाली, मधल्या पेठांत नाही. मुळात २८८ हा आकडाच १९७८ पासून हललेला नाही. आणीबाणीतल्या ४२ व्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या गोठवली आणि २००१ च्या सुमारास ८४ व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवली. त्यामागे कारण होते. कुटुंबनियोजन नीट राबवणाऱ्या राज्यांना शिक्षा होऊ नये, हा हेतू योग्यच होता. पण राज्याराज्यांतला समतोल राखताना एकाच शहरातल्या दोन वस्त्यांमधला समतोल पार बिघडला, आणि त्याबद्दल कोणाला जाब विचारायचा हे मतदाराला आजवर समजलेले नाही.

‘कसबा म्हणजे परंपरा’ असे म्हणणाऱ्यांनी ही परंपरा जरा उलगडून पाहावी. एकेकाळी पुण्यात शुक्रवार पेठ नावाचा मतदारसंघ होता. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, नानासाहेब गोरे पुण्यातून लोकसभेवर गेले त्याच १९५७ साली, एस. एम. जोशी तिथून विधानसभेत गेले. पुढे १९६७ आणि १९७२ मध्ये रामभाऊ म्हाळगी तिथून निवडून आले. वर्षभरात काय केले याचा लेखी अहवाल मतदारांपुढे ठेवण्याची त्यांची शिस्त आजही दाखला म्हणून सांगितली जाते. १९७८ ची निवडणूक आली तेव्हा शुक्रवार पेठ यादीत नव्हती. म्हाळगी तर त्याआधीच ठाण्याचे खासदार झाले होते, आणि त्यांची पहिली आमदारकी १९५७ ची, तीही मावळची. एसेम आणि म्हाळगी या दोघांची थोरवी शुक्रवार पेठेच्या सीमारेषेवर उभी होती का? तो मतदारसंघ गेला म्हणून शुक्रवार पेठेतले मंडईचे राजकारण संपले का? पुण्याच्या राजकीय इतिहासात इतकी मोठी नावे ज्या मतदारसंघाशी जोडलेली, तो नकाशावरून गेला तरी शहराचे काही अडले नाही.

भाजपच्या बालेकिल्ल्याची गोष्टही अशीच. कसब्यातून १९७८ आणि १९८० मध्ये अरविंद लेले, १९९० मध्ये अण्णा जोशी आणि १९९५ पासून सलग पाच वेळा गिरीश बापट, ही यादी घडाघडा म्हटली जाते. मधली नावे मात्र गाळली जातात. १९७२ मध्ये लीलाबाई मर्चंट आणि १९८५ मध्ये उल्हास काळोखे काँग्रेसकडून इथूनच आमदार झाले. अण्णा जोशी लोकसभेवर गेल्यावर पोटनिवडणूक झाली तीही काँग्रेसच्या वसंत थोरातांनी जिंकली. म्हणजे २०२३ मध्ये जे अघटित म्हणून सांगितले गेले ते कसब्याने पूर्वी अनेकदा केले होते. शिवाय बापटांचे पाच विजय एकाच कसब्यातले नाहीत. २००४ पर्यंतचा कसबा वेगळा आणि २००९ पासूनचा वेगळा. २००८ च्या आखणीत भवानी पेठ हा मतदारसंघ मोडला. बोपोडी गेला. हवेली आणि मुळशी ही नावे गेली. भवानी पेठेतला पूर्वेकडचा मोठा भाग, कष्टकऱ्यांच्या दाट वस्त्यांसकट, कसब्याला जोडला गेला. नव्या नकाशावरच्या पहिल्याच लढतीत, २००९ मध्ये, मनसेकडून उभ्या राहिलेल्या धंगेकरांनी बापटांना घाम फोडला होता. या मतदारसंघात नारायण पेठेतला टिळकांचा केसरीवाडा आहे आणि बुधवार पेठेतली भिडेवाड्याची जागाही आहे, जिथे १८४८ मध्ये फुल्यांनी मुलींची शाळा काढली. या दोहोंपैकी एकाच वारशाला कसबा म्हणायचे आणि दुसऱ्याला मतांची बेरीज-वजाबाकी, हे कोणत्या न्यायाने?

माणसे तरी जागच्या जागी कुठे राहिली? १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. हजारो कुटुंबे उठून गोखलेनगरला, सहकारनगरला गेली. त्यांच्या पुढच्या पिढ्या आज शिवाजीनगर आणि पर्वती मतदारसंघांत मत देतात. त्यानंतर वाडे पडू लागले. भाडेकरूंनी हक्क सोडून कोथरूडला, सिंहगड रस्त्याला, धायरीला फ्लॅट घेतले. आज पेठेतल्या एखाद्या भागाची मतदार यादी घेऊन बसा. एकाच घर क्रमांकापुढे पंधरा-वीस नावे, चार-पाच आडनावे, वये साठीच्या पुढची, आणि त्या क्रमांकाचा वाडा जाऊन तिथे पार्किंगसह इमारत उभी. स्लिपा वाटणारे कार्यकर्ते दारावर जातात तेव्हा शेजारचे सांगतात, ते आता वारज्याला असतात, मतदानाला येतील. त्यातले बरेच जण खरोखर येतात, जुन्या शाळेतल्या केंद्रावर रांगेत उभे राहतात, ओळखीच्यांना भेटून परत जातात. त्यांच्या मनातली ओढ मी कमी लेखत नाही. पण वर्षभर ज्या रस्त्यावरून ते कामाला जातात, जो टँकर त्यांच्या सोसायटीत येतो, जी शाळा त्यांच्या नातवंडांना लांब पडते, त्या सगळ्याचा आमदार दुसरा आहे. त्याला त्यांचे मत मिळत नाही आणि त्याच्याकडे ते मागणीही करू शकत नाहीत. कसब्याचा आकडा आज आहे तो या नावांसकट आहे. ती वगळली तर तफावत आणखी वाढेल.

विरोधी बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा प्रतिनिधित्वाचा आहे. संख्येने थोडा असलेला समाज एका लहानशा भागात एकवटलेला असेल, तर तिथून त्याचा माणूस जातो. सीमा पसरली की त्याची मते विरघळतात. ही भीती खोटी नाही. जगभरात अल्पसंख्य समाजांनी ती अनुभवली आहे, आणि पेठांतल्या ब्राह्मण मतदाराला २०१९ मध्ये कोथरूडला मेधा कुलकर्णींची उमेदवारी गेल्यावर व २०२३ मध्ये कसब्यात टिळक कुटुंबाला डावलल्यावर ती जाणवली असेल तर त्याची टिंगल करण्याचे कारण नाही. मात्र हा प्रश्न या शहराने फार गंभीर रूपात एकदा पाहिला आहे. २४ सप्टेंबर १९३२ ला येरवड्याच्या तुरुंगात पुणे करार झाला. शतकानुशतके गावकुसाबाहेर ठेवलेल्या समाजासाठी बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतंत्र मतदारसंघ मिळवला होता, आणि गांधीजींच्या उपोषणाच्या दडपणाखाली त्यांना तो सोडावा लागला. त्या सौद्याची वेदना बाबासाहेबांनी पुढे कधी लपवली नाही. त्यातून जी व्यवस्था आली ती अशी : मतदारसंघ भूभागाचा, मतदार सगळे, आणि राखीव जागा कायद्याने, उघडपणे, लोकसंख्येच्या हिशेबाने. प्रांतिक विधिमंडळांत ७१ ऐवजी १४८ जागा ठरल्या, त्या हिशेबानेच. ज्यांचा दावा सर्वांत खरा होता त्यांनाही ‘हा मतदारसंघ आमचा’ असे म्हणायची मुभा राहिली नाही. पुण्यातच पाहा. २००४ पर्यंत पर्वती अनुसूचित जातींसाठी राखीव होता. २००९ पासून पुणे कॅन्टोन्मेंट राखीव झाला आणि पर्वतीतून निवडून आलेले रमेश बागवे कॅन्टोन्मेंटमधून उभे राहिले. त्यासाठी पर्वतीत कोणी फलक लावल्याचे मला आठवत नाही. घटनेने दिलेली जागासुद्धा आकड्यांबरोबर हलते, तर रूढीने आपली मानलेली जागा कायम कशी राहील?

मग थोड्या संख्येच्या समाजांनी काय करायचे? राजकीय पक्षांना जाब विचारायचा, तोही शहरभर. आठ मतदारसंघांत उमेदवाऱ्या कशा वाटल्या, संघटनेत कोणाला स्थान दिले, हे विचारायचे. मेधा कुलकर्णी २०२४ मध्ये राज्यसभेवर गेल्या, ते कसब्याच्या सीमेमुळे नव्हे. आणि एसेम १९५७ मध्ये निवडून आले ते कोणत्या जातीच्या गठ्ठ्यावर? एका लहान मतदारसंघाच्या भिंतीआड प्रतिनिधित्व शोधणारा समाज पक्षांचे काम सोपे करून देतो. एक जागा दिली की बाकी सात ठिकाणी त्याचा विचार करायची गरज उरत नाही. २०१९ आणि २०२३ चा राग खरे तर इथे वळायला हवा होता.

दुसरा आक्षेप मला जास्त विचार करायला लावतो. जुन्या शहराच्या अडचणी निराळ्या आहेत : मोडकळीला आलेले वाडे, मालक-भाडेकरूंचे दावे, अरुंद रस्ते, शंभर वर्षांच्या जलवाहिन्या. त्याला वाहिलेला आमदार हवा, नाहीतर नव्या उपनगरांच्या गोंगाटात पेठांचा आवाज बुडेल. शिवाय तुळशीबाग, मंडई, लक्ष्मी रस्त्यावर रोज येणारी माणसे मतदार यादीत नसतात. त्यांचा भार पेठा सोसतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरी वाड्यांचा प्रश्न नेमका कुठे अडला आहे ते पाहू. शनिवारवाडा केंद्राचे संरक्षित स्मारक असल्याने २०१० च्या दुरुस्तीनंतर त्याच्या शंभर मीटरच्या आत नव्या बांधकामाला बंदी आहे आणि पुढच्या दोनशे मीटरवर नियंत्रण. तो कायदा संसदेचा आहे. बाकी चटईक्षेत्र, रस्त्याची रुंदी, जलवाहिन्या, पार्किंग हे सारे महापालिकेच्या आणि नगरविकास खात्याच्या हातात. कसब्याला इतकी वर्षे स्वतःचा, वजनदार, मंत्रिपद भूषवलेला आमदार होता. वाड्यांची कोंडी सुटली नाही, कारण ती एका आमदाराने सुटणारी नव्हती. उलट पेठांचे खरे नुकसान कधी झाले, तर मार्च २०२२ नंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ महापालिकेत नगरसेवकच नव्हते तेव्हा. गल्लीतली तुंबलेली गटारे आणि अर्धवट खणलेले रस्ते घेऊन जायचे कोणाकडे, हे कळेनासे झाले होते. त्या काळात ‘कसबा आमचा’ म्हणणाऱ्यांनी प्रभागाची निवडणूक व्हावी म्हणून किती आवाज उठवला? आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या भाराचा मोबदला जास्त निधीने, चांगल्या बसने, मेट्रोने द्यायचा असतो. गिऱ्हाईक आले म्हणून दुकानदाराच्या मताची किंमत वाढत नाही.

तिसरा आक्षेप ग्रामीण महाराष्ट्राचा. केवळ माणसे मोजली तर कोकण, विदर्भ, मराठवाड्यातल्या जागा घटून पुणे-ठाण्यात येतील. २००८ मध्ये ठाणे जिल्हा तेरावरून चोवीसवर गेला आणि कोकणात जागा कमी झाल्या, तेव्हा तिकडचे लोक दुखावले ते उगाच नाही. या प्रश्नाचे उत्तर मतांच्या समानतेत एकटे सापडणार नाही हे मी मान्य करतो. पण तो कसबा आणि हडपसर यांच्यातला प्रश्न नव्हेच. दोन्ही एकाच जिल्ह्यात, एकाच महापालिकेत आहेत. जिल्ह्याच्या वाट्याला आज आहेत त्या एकवीस जागा राहोत की वाढोत, त्या आतल्या आत सारख्या वाटण्यात सिंधुदुर्गाचे काहीच जात नाही.

जुन्या जागेला जुना मान, हा युक्तिवाद इतर देशांतही झाला आहे. इंग्लंडमध्ये ओल्ड सारम नावाच्या ओसाड टेकडीवरून दोन खासदार जात, मूठभर मतदारांच्या जोरावर, आणि मँचेस्टरसारख्या कारखान्यांच्या शहराला स्वतःचा प्रतिनिधी नव्हता. १८३२ च्या सुधारणेने ते थांबले, तोवर त्या जागांचे समर्थन प्राचीनतेच्याच आधारावर होत असे. कसबा म्हणजे ओल्ड सारम नाही, तो गजबजलेला, जिवंत भाग आहे. जवळचे उदाहरण अमेरिकेतल्या टेनेसीचे आहे. तिथल्या विधिमंडळाने १९०१ नंतर साठ वर्षे मतदारसंघ बदलले नाहीत, राज्यघटनेत दर दहा वर्षांनी बदलायचे लिहिले असूनही. शहरे फुगली, मते पातळ होत गेली, आणि ज्यांच्या हातात बदल होता ते जुन्या नकाशावरच निवडून येत असल्याने बदलायला कोणी तयार नव्हते. अखेर १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विषय ऐकून घ्यायचे ठरवले आणि १९६४ मध्ये अलाबामाच्या खटल्यात सरन्यायाधीश वॉरन यांनी लिहिले की आमदार माणसांचे प्रतिनिधी असतात, झाडांचे किंवा एकरांचे नाहीत. वाड्यांचेही नाहीत, असे पुण्यापुरते म्हणता येईल. आपल्याकडे मात्र तो मार्ग जवळजवळ बंद आहे. राज्यघटनेच्या ३२९ व्या अनुच्छेदाने परिसीमनाच्या आदेशाला न्यायालयात सहसा आव्हान देता येत नाही, आणि मेघराज कोठारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तसाच निर्वाळा दिला आहे. म्हणून आपल्याला बोलायचे असेल तर ते आदेशाआधीच.

आणि बोलण्यासारखे पुष्कळ आहे. वाघोली २०२१ पासून पुणे महापालिकेत आहे, पण विधानसभेला शिरूरमध्ये. सूस आणि म्हाळुंगे त्याच वर्षी महापालिकेत आले, बाणेरला खेटून आहेत, पण मुळशी तालुक्यातले म्हणून त्यांचा मतदारसंघ भोर. पाण्याचे बिल पुण्याचे, आमदार भोरचा. कायद्याने आयोगाला भौगोलिक सलगता, प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय पाहायला सांगितले आहे. त्या कसोटीवर पेठा आणि नदीपलीकडचा डेक्कन, शिवाजीनगरचा पट्टा हे लकडी पुलाने केव्हाच एक झाले आहेत. ते एका मतदारसंघात आले, तर वाचलेली जागा वाघोली-खराडीला किंवा बावधन-सूस-म्हाळुंगे भागाला देता येईल. मागच्या फेररचनेसारखेच नियम राहिले तर आयोगाबरोबर राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतील, मतदानाच्या हक्काविना. मसुदा राजपत्रात येईल, हरकती मागवल्या जातील आणि जाहीर सुनावणी होईल. त्या सभागृहात पेठांची मंडळे, व्यापारी संघटना, ज्ञातिसंस्था मोठ्या संख्येने पोचतील. त्यांना शंभर-सव्वाशे वर्षे एकत्र येण्याची सवय आहे. वाघोलीतल्या सोसायटीला तशी संघटना नाही, तिथल्या अनेकांना आपण शिरूरमध्ये आहोत हे मतदानाच्या दिवशीच कळते. म्हणून पेठांतल्या मंडळांना माझे सांगणे आहे की कसबा वाचवण्याचा अर्ज लिहिण्याआधी वाघोली, सूस आणि म्हाळुंग्याची हरकत लिहा : गावाचे नाव, महापालिकेत आल्याचे वर्ष, आजचा मतदारसंघ, तिथले मतदार किती आणि कसब्यातले किती.